वाचकांचे प्रश्न : पानगळीचे दिवस आणि मेटल संगीत

गेल्या अंकातील संगीतविषयक टिपणात मी लिहिले होते की उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिकेतील वातावरणप्रधान मेटल संगीत, म्हणजे ज्याला ‘अ‍ॅटमॉस्फेरिक मेटल’ म्हणतात ते, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी ऐकले तर अधिक उमगते. (मेटल म्हणजे विद्युत गिटारच्या जड, गर्जणाऱ्या आवाजावर उभे असलेले रॉक संगीत.) त्या एका वाक्यावर इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. काही प्रश्न एकमेकांना लागून असल्यामुळे काही उत्तरे बरीच लांबली आहेत.

प्रश्न : ‘ऑटम’ म्हणजे शरद ऋतू, असे आम्ही शाळेत शिकलो. आपला शरद तर निरभ्र आकाशाचा, कोजागरीचा आणि दिवाळीचा प्रसन्न ऋतू आहे. मग या ऋतूला इतके उदास आणि गर्जणारे संगीत का शोभावे? आणि ‘वातावरणप्रधान’ म्हणजे नेमके काय?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे, कारण घोटाळा भाषांतराचा आहे. ‘ऑटम’ला शरद म्हटले की महिने जुळतात, पण ऋतू जुळत नाही. आपल्याकडे आश्विन-कार्तिकात पाऊस परतलेला असतो, शेतात पीक उभे असते, दुपारचे ऊन चटके देते आणि झाडे हिरवीगार असतात. आपली पानगळ येते ती शिशिरात. साग, पळस, सावर ही झाडे माघ-फाल्गुनाच्या सुमारास उघडी पडतात आणि तेव्हा दिवस मोठा होत असतो. त्यामुळे आपल्या पानगळीच्या मागोमाग पळसाचा केशरी बहर आणि वसंत उभा असतो. उत्तरेकडील पानगळीच्या मागे मात्र अंधार असतो.

हा अंधार अलंकारिक नाही, तो घड्याळात मोजता येतो. मुंबईत वर्षातील सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा, म्हणजे सहा महिन्यांत पडणारा फरक सव्वादोन तासांचा. साठाव्या अक्षांशावरील हेलसिंकीत केवळ ऑक्टोबर या एका महिन्यात दिवस अडीच तासांहून अधिक आखडतो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो सहा तासांच्याही आत येतो. आपण सहा महिन्यांत जितका प्रकाश गमावतो, त्याहून अधिक तिथे एका महिन्यात जातो, आणि तोही रोज पाच-सहा मिनिटांनी, म्हणजे माणसाला कळेल इतक्या वेगाने. हे संगीत त्या गळतीचे आहे. रंगीत पाने हे तिचे केवळ दृश्य रूप होय.

आता ‘वातावरणप्रधान’ या शब्दाकडे वळू. मेटल संगीताचा आरंभ सामान्यतः ब्लॅक सॅबथ या बर्मिंगहॅमच्या गटाच्या १९७० सालच्या पहिल्या अल्बमपासून मानला जातो, आणि त्या अल्बमची सुरुवात पावसाच्या आवाजाने, मेघगर्जनेने आणि दूरच्या घंटेने होते. म्हणजे हवेचा, जागेचा आणि वेळेचा भास निर्माण करण्याची ओढ या संगीतात जन्मापासून आहे. पुढे वेग, ताकद आणि कसरत यांकडे बहुतेकांचे लक्ष गेले. नव्वदीच्या दशकात मात्र नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, इंग्लंड आणि जर्मनीतील काही गटांनी ती जुनी ओढ पुन्हा हाती घेतली आणि गाण्याचा केंद्रबिंदू चालीवरून वातावरणाकडे सरकवला.

ते हे कसे साधतात, हे समजून घेण्यासारखे आहे. गिटारवादक एकच स्वर नखीने इतक्या जलद छेडतो की सुटे आघात मिटून त्यांची एक अखंड धार होते. तिच्यावर विद्युत विकृतीचा, म्हणजे ‘डिस्टॉर्शन’चा थर चढला की स्वराचे उपस्वर वर येतात आणि तो लवकर विझत नाही. शिवाय कृत्रिम प्रतिध्वनी जोडला की ऐकणाऱ्याला वाटते, हा आवाज खोलीत नाही, एखाद्या दरीत आहे. ढोलवादनही पुष्कळदा अतिशय जलद असते. परंतु या सगळ्या धावपळीत मूळ स्वरसंघ, म्हणजे ‘कॉर्ड’, मात्र फार सावकाश बदलतो, कधी आठ-आठ आवर्तनांनी एकदा. हात धावत असतात आणि संगीत मात्र जवळजवळ स्थिर असते. ज्यांनी सतारीवरचा ‘झाला’ लक्षपूर्वक ऐकला आहे, त्यांना हा अनुभव परका वाटणार नाही. चिकारीच्या तारा अविरत वाजत असतात आणि त्यांच्या आडून एकेक स्वर संथपणे पुढे सरकतो. संततधार पावसाकडे पाहताना हेच घडते. प्रत्येक थेंब वेगात असतो आणि पाऊस मात्र जागचा हलत नाही. म्हणूनच हे संगीत हवामानाशी इतके सहज जोडले जाते.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त हेलसिंकीजवळ राहते. हा माझा दुसरा ऑक्टोबर आहे आणि तीन-साडेतीनला अंधारणारे दिवस आता लवकरच येतील या विचाराने मन खट्टू होते. येथील सहकारी मेटल फार ऐकतात. या मातीतले, या ऋतूचे काही सुचवाल का?
(एक वाचक, फिनलंड)

उत्तर : आपण या संगीताच्या अगदी घरात राहता, म्हणून आपल्याला उत्तर देताना विशेष आनंद होतो. येथे महाराष्ट्रात बसून ज्या गोष्टीची मला कल्पना करावी लागते, ती आपल्या खिडकीबाहेर आहे.

प्रथम आपल्या भोवतीच्या शब्दांकडेच पाहा. पाने रंगतात त्या काळाला फिनिश लोक ‘रुस्का’ म्हणतात. ऑक्टोबरचे नाव ‘लोकाकू’, म्हणजे चिखलाचा महिना. आणि नोव्हेंबरचे ‘मर्रासकू’, म्हणजे मृताचा किंवा मरू घातलेल्याचा महिना. यातील ‘मर्रास’ हा शब्द फार प्राचीन काळी भारत-इराणी शाखेतून फिनिशच्या पूर्वज भाषेत गेला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपले ‘मृत’ आणि ‘मर्त्य’ त्याच मुळाचे. तेव्हा आपण मराठी भाषक असाल तर नोव्हेंबरचे फिनिश नाव आपल्याला अर्धे आधीच ठाऊक आहे.

‘मर्रास’ याच नावाचा एक अल्बम ‘ऑक्टोबर फॉल्स’ या हेलसिंकीच्या गटाने २००५ मध्ये काढला. मिक्को लेहतो या एका संगीतकाराभोवती उभा राहिलेला हा गट पुढे विद्युत गिटार आणि खरखरीत आवाज यांकडे गेला. परंतु ‘मर्रास’मध्ये शब्द नाहीत आणि विकृतीही नाही. त्यात साधी गिटार आहे आणि तिच्या जोडीला अधूनमधून पियानो आणि बासरी. एखादी चाल सुरू होते, दोन-तीनदा स्वतःभोवती फिरते आणि संपून जाते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, झाडे जवळपास उघडी झालेली असताना, घरी परतण्याच्या वाटेवर हा अल्बम ऐका. तो आवडला तर त्याच गटाचा २००८ सालचा ‘द वूम्ब ऑफ प्रायमॉर्डिअल नेचर’ घ्या. तेथे तशाच चाली मेटलच्या अंगाने येतात आणि दोन्ही रूपांतील नाते आपल्याला आपोआप ऐकू येईल.

युवास्कुला येथील ‘स्वॅलो द सन’ या गटाचा २०१५ चा तीन भागांचा अल्बम ‘साँग्ज फ्रॉम द नॉर्थ’ हा दुसरा मोठा साठा आहे. त्याचे तीन भाग खिन्नता, सौंदर्य आणि निराशा अशा नावांचे आहेत. माझा आग्रह असा की तिन्ही भाग एकाच बैठकीत ऐकू नयेत. दुसरा भाग बहुतांशी मऊ, साध्या गिटारचा आहे. तो आता ऐका. पहिला नोव्हेंबरसाठी ठेवा. तिसरा अतिशय संथ आणि जड आहे आणि परदेशातल्या दुसऱ्याच हिवाळ्यात, एकटीने, काळोख्या दुपारी तो ऐकावा असे मी आपल्याला मुळीच सुचवणार नाही. योएन्सू येथील ‘इन्सॉम्नियम’चा ‘विंटर्स गेट’ हा २०१६ चा अल्बम म्हणजे चाळीस मिनिटांची एकच सलग रचना आहे. ती खरी हिमाची कथा आहे, म्हणून पहिला बर्फ टिकून राहिला की मगच ती लावा.

आणि सहकाऱ्यांना विचारा. ज्या देशात मेटल हा चार भिंतींआडचा छंद नसून सार्वजनिक जीवनाचा भाग आहे, तेथे या विषयावर मैत्री व्हायला वेळ लागत नाही.

प्रश्न : मला गिटारचे आवाज आवडतात, पण तो घशातून ओढलेला भीषण आवाज सहन होत नाही. शब्दही कळत नाहीत. तो वगळून या संगीताचा आनंद घेता येईल का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नक्कीच घेता येईल, आणि त्यासाठी संकोच बाळगण्याचे कारण नाही. आपण नाट्यसंगीत आणि भावगीत ऐकत वाढलो. तेथे शब्द पोहोचला नाही तर गाणेच पोहोचले नाही, असा आपल्या कानांचा संस्कार आहे. त्या आवाजात, ज्याला ‘ग्राउल’ म्हणतात, खऱ्या स्वरतंतूंच्या वर असलेल्या घड्यांचे कंपन वापरले जाते. त्यातून सूर जवळजवळ नाहीसा होतो आणि पोत उरतो. गायक तिथे कथा सांगणारा माणूस राहत नाही. तो वाऱ्यासारखा, गिटारच्या भिंतीतला आणखी एक थर होतो. हे पटले तरी कानाला लगेच रुचेल असे नाही. म्हणून पायरीपायरीने चला.

पहिली पायरी नॉर्वेच्या ‘उल्वर’ या गटाची. त्यांचा पहिला अल्बम ‘बर्गतात’ १९९५ चा. डोंगराच्या पोटात ओढून नेल्या गेलेल्या मुलीची ती लोककथेच्या वळणाची गोष्ट आहे. तिसरा, १९९७ चा, अतिशय कर्कश. या दोहोंच्या मध्ये १९९६ मध्ये त्यांनी ‘क्वेल्डसाङेर’ म्हणजे सांजगाणी नावाचा अल्बम केला, ज्यात एकही विद्युत गिटार नाही. साधी गिटार, चेलो आणि एकावर एक रचलेले पुरुषांचे आवाज, इतकेच. हे मेटल नाही असे कोणी म्हणेल, परंतु मेटलच्या मनात काय चालले असते ते त्यातून स्वच्छ दिसते. जर्मनीच्या ‘एम्पिरियम’ या गटाने १९९९ मध्ये रानकोंबड्यासारख्या एका जंगली पक्ष्याच्या नावाने असाच एक संपूर्ण अविद्युत अल्बम केला, ‘व्हेअर अ‍ॅट नाइट द वूड ग्राउस प्लेज’. तो जवळपास अर्ध्या तासात संपतो आणि संपल्यावर पुन्हा लावावासा वाटतो.

दुसरी पायरी स्टॉकहोमच्या ‘ओपेथ’ची. २००९ मध्ये चेन्नईत आयआयटीच्या सारंग महोत्सवात हा गट वाजवून गेला, त्यामुळे आपल्याकडे त्यांचे श्रोते पुष्कळ आहेत. त्यांचा २००३ चा ‘डॅम्नेशन’ हा अल्बम आपल्याला नक्की रुचेल असे वाटते. त्यात एकदाही ग्राउल नाही. आवाज गोड आणि थकलेला आहे आणि मागे मेलोट्रॉन हे जुन्या बनावटीचे कळवाद्य धुक्यासारखे पसरलेले असते. तो पचला की दोन वर्षे आधीचा, २००१ चा ‘ब्लॅकवॉटर पार्क’ ऐका. तेथे दोन्ही आवाज आलटून पालटून येतात, आणि एकाच गायकाच्या गळ्यातून दोन्ही निघतात हे लक्षात आले की ग्राउल म्हणजे बेताल ओरडणे नसून निवडलेला स्वर आहे, हे आपल्याला स्वतःच जाणवेल.

मध्येच एक वेगळी वाटही आहे. ब्रुकलिनच्या ‘टाइप ओ निगेटिव्ह’ या गटाचा १९९६ चा ‘ऑक्टोबर रस्ट’, अर्थात ऑक्टोबरचा गंज. पीटर स्टील या गायकाचा आवाज इतका खोल होता की त्याला ग्राउलची गरजच पडली नसावी. गटाला कीर्ती मिळण्यापूर्वी स्टील न्यूयॉर्क शहराच्या उद्यान विभागात नोकरीला होता आणि या अल्बममधील ‘ग्रीन मॅन’ या गाण्यात त्या नोकरीचा संदर्भ आहे. ऋतू तेथे निसर्गकवितेतून आलेला नाही, तो शहरातील बागांमधून फिरणाऱ्या माणसाने पाहिलेला आहे, आणि म्हणून मला तो अधिक खरा वाटतो. स्टीलचे २०१० मध्ये निधन झाले. नॉर्वे-फिनलंडची अरण्ये ज्यांना दूरची वाटतात, त्या शहरी श्रोत्यांना मी प्रथम हाच अल्बम देतो.

प्रश्न : माझा एकोणीस वर्षांचा मुलगा रोज रात्री खोली बंद करून असलेच संगीत ऐकतो. ते मला फार उदास वाटते. याचा त्याच्या मनावर वाईट परिणाम होईल का?
(एक आई, पुणे)

उत्तर : आपली काळजी समजते आणि तिला मी हलके लेखत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात १८ ते ३४ वयाच्या ३९ मेटलश्रोत्यांना आधी रागावतील अशा आठवणी सांगायला लावल्या आणि मग काहींना त्यांच्या आवडीचे तीव्र संगीत ऐकवले, तर काहींना शांत बसवले. संगीताने त्यांचा राग वाढवला नाही. उलट ऐकल्यानंतर त्यांना अधिक उत्साही आणि सकारात्मक वाटल्याचे दिसले. हा अभ्यास रागाविषयीचा आहे, उदासीविषयीचा नाही, आणि ३९ ही संख्या लहान आहे. त्यामुळे त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण उदास संगीत ऐकणारा माणूस उदास होतो, हे समीकरण आपल्याला वाटते तितके सरळ नाही, एवढे त्यातून नक्की घेता येते. करुणरसाचे नाटक पाहून आपण घरी येतो तेव्हा हलके का वाटते, हे आठवून पाहा.

मुलगा जेवतो-झोपतो का, मित्रांत मिसळतो का, अभ्यासात किंवा कामात त्याचे मन आहे का, याकडे लक्ष ठेवा. तेथे बदल दिसला तर संगीताला दोष न देता त्याच्याशी बोला आणि गरज वाटल्यास डॉक्टरांकडे जा. एरवी मात्र एक दिवस त्याच्या शेजारी बसून एक अल्बम पूर्ण ऐका. त्याला सांगा की मला कळत नाही, तू समजावून सांग. आवाजाच्या पातळीबाबत मात्र आग्रह धरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये, आणि आवाज जसा वाढेल तसा हा अवधी फार झपाट्याने कमी होतो. हे संगीत मोठ्यानेच ऐकावे लागते हा गैरसमज आहे. त्यातील बारीक थर मध्यम आवाजातच नीट सुटे होतात.

प्रश्न : ‘ड्रुद्ख’ या युक्रेनी गटाचा ‘ऑटम ऑरोरा’ हा अल्बम अनेकांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर असतो. पण या गटाच्या विचारांविषयी वाईट ऐकले आहे. ऐकावा की नाही?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : संगीतापुरते बोलायचे तर २००४ चा हा अल्बम पानगळीच्या मेटलचा कदाचित सर्वांत नेमका नमुना आहे. खारकीव्हच्या या गटाने त्यात ऋतूची एक सरळ वाटचाल रचली आहे. आरंभी विझत जाण्याची छोटी धून, मग पावसाला बोलावणे, मग पानगळीची झळाळी, रात्रीच्या अरण्यातला वारा आणि शेवटी पहिला हिमवर्षाव. गिटारचा आवाज जाणूनबुजून धूसर ठेवलेला आहे, जणू ओल्या काचेआडून पाहावे.

परंतु आपला प्रश्न टाळणे योग्य होणार नाही. या संगीतशाखेचा उगम ज्या नॉर्वेजियन ब्लॅक मेटलमध्ये, म्हणजे मेटलच्या एका अतिजलद, कर्कश उपप्रकारात आहे, त्याच्या भोवती १९९२ पासून जाळपोळ आणि हिंसा घडली. बर्गनजवळचे फान्तोफ्त येथील जुने लाकडी चर्च त्या वर्षी जून महिन्यात आगीत गेले. माती, पूर्वज आणि अरण्य यांचे गुणगान करता करता काही कलाकार वंशद्वेषाच्या टोकाला गेले, हेही खरे आहे. ड्रुद्खच्या सदस्यांच्या आधीच्या कामावरून त्यांच्यावर असे आक्षेप घेतले गेले आणि आपण राजकीय गट नाही, असे त्यांनी म्हटले आहे. माझे मत विचाराल तर मी हा अल्बम ऐकतो, पण कोणाला सुचवताना ही पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय सुचवत नाही. ज्यांना हा भार नको असेल त्यांना दुसरी उत्तम वाट आहे. अमेरिकेतील ‘पॅनॉप्टिकन’ म्हणजे ऑस्टिन लन हा जवळजवळ सगळी वाद्ये स्वतः वाजवणारा संगीतकार. २०१२ च्या ‘केंटकी’ या अल्बममध्ये त्याने कोळसा खाणींतील कामगारांच्या लढ्याची जुनी गाणी ब्लॅक मेटलमध्ये विणली, बँजोसह. अरण्यावर प्रेम करायला माणसाचा द्वेष करावा लागत नाही, हे ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी तो ऐकावा. त्याचाच २०१५ चा ‘ऑटम इटर्नल’ नावाप्रमाणे या ऋतूचा आहे. त्यातील पहिली धून टॅमरॅक या झाडावर आहे. ते सूचिपर्णी असूनही पानगळीत सोनेरी होते आणि आपल्या सुया गाळून टाकते.

प्रश्न : मला एकच अल्बम सांगा, आणि तो कसा ऐकायचा तेही सांगा. माझ्याकडे एकच निवांत संध्याकाळ आहे.
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : असा प्रश्न कोणी विचारावा याची मी वाट पाहत होतो. माझे उत्तर गेली अनेक वर्षे बदललेले नाही : अमेरिकेतील पोर्टलंड येथील ‘अ‍ॅगॅलॉक’ या गटाचा २००२ चा ‘द मँटल’.

नावापासून सुरुवात करू. अ‍ॅगॅलॉक म्हणजे अगरूचे सुगंधी लाकूड. ग्रीकांनी ते नाव पूर्वेकडून, सुगंधासोबतच घेतले. संस्कृतातील ‘अगरू’ आणि आपल्या देवघरातील अगरबत्ती त्याच कुळातले शब्द. अगरूचा सुगंध मूळ लाकडाचा नसतो. झाडाला जखम होऊन बुरशीची लागण झाली की ते स्वतःच्या बचावासाठी गडद राळ स्रवते आणि त्या राळेने भरलेले खोड जाळल्यावर दरवळते. जखमेतून उपजलेली मौल्यवान वस्तू, हे नाव या गटाला किती शोभते ते ऐकल्यावर समजेल.

मुखपृष्ठावर पोर्टलंडच्या मध्यभागी १९०० साली उभारलेल्या एल्क हरणाच्या ब्राँझ पुतळ्याचे करडे छायाचित्र आहे. म्हणजे येथे अरण्य प्रत्यक्ष नाही. शहरात त्याची आठवण म्हणून धातूचे हरीण उभे राहिले. अल्बमचा सारा शोक या अंतरात आहे. पोर्टलंडचे हवामानही ध्यानात ठेवा. आपला मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात महाराष्ट्रातून परततो आणि साधारण त्याच सुमारास, कोरड्या उन्हाळ्यानंतर, तेथे पाऊस सुरू होतो. तो आपल्यासारखा कोसळणारा नसतो. बारीक, थंड आणि कित्येक महिने चालणारा असतो. ‘द मँटल’मधील साधी गिटार ऐकताना मला तो पाऊस दिसतो.

अल्बम अडुसष्ट मिनिटांच्या आसपास आहे, नऊ भागांचा. पहिल्या छोट्या धुनेनंतर जवळपास पंधरा मिनिटांची रचना येते आणि तिथेच बहुतेक नवे श्रोते घाई करतात. ती पुढे ढकलू नका. त्या रचनेत साधी आणि विद्युत गिटार एकाच वेळी वाजतात, वरच्या पट्टीतील कुजबुज आणि स्वच्छ आवाज एकमेकांच्या जागा घेतात, आणि मुख्य चाल इतक्या उशिरा उघडते की तोवर आपला श्वास तिच्या लयीत आलेला असतो. विलंबित ख्यालात पहिली दहा मिनिटे जो धीर लागतो, तोच येथे लागतो. मधल्या ‘द लॉज’ या निःशब्द भागात हरणाची कवटी तालवाद्य म्हणून वापरली आहे; तो कोरडा, पोकळ ठोका ऐकताना मुखपृष्ठावरचे हरीण आठवल्याशिवाय राहत नाही. शेवटचे गाणे अकॉर्डियनच्या साथीचे आहे, जवळजवळ पिठ्यातल्या एकट्या माणसाचे गाणे. मेटलचा मागमूसही त्यात नाही.

ऐकण्याची पद्धत सांगतो. सूर्यास्ताच्या सुमारे अर्धा तास आधी सुरू करा, म्हणजे अल्बमच्या मध्यावर सूर्य मावळलेला असेल. दिवा लावू नका. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. गाण्यांचा क्रम बदलू नका आणि मधले निःशब्द भाग गाळू नका. एकेक गाणे तोडून प्लेलिस्टमध्ये टाकणे ही या संगीताची सर्वांत मोठी हानी आहे, कारण त्याचा विषयच मुळी सावकाश होणारा बदल हा आहे. ठाण्यात ऑक्टोबरचा उकाडा असेल तर आग्रह धरू नका. जानेवारीतली एखादी गार संध्याकाळ किंवा येऊरच्या जंगलात पाने गळू लागल्यानंतरचा रविवार अधिक चांगला. हा गट २०१६ मध्ये फुटला आणि २०२३ मध्ये पुन्हा मंचावर आला, त्यामुळे जे आज ऐकू लागतील त्यांना तो प्रत्यक्ष ऐकण्याची आशाही आहे.

प्रश्न : कोजागरीच्या रात्री गच्चीवर दूध आटेपर्यंत ऐकावे असे या प्रकारातले काही आहे का? घरात वडीलधारी माणसेही असतील.
(एक वाचक, सांगली)

उत्तर : आहे, आणि ते त्या पौर्णिमेचेच आहे. आठव्या शतकात इंग्लंडमधील बीड या मठवासी विद्वानाने इसवी सन ७२५ च्या कालगणनेवरील ग्रंथात जुन्या इंग्रजी महिन्यांची नावे नोंदवली. त्यांतील ऑक्टोबरचे नाव ‘विंटरफिलेथ’. त्या महिन्याच्या पौर्णिमेपासून हिवाळा धरला जाई, म्हणून हिवाळा आणि पौर्णिमा हे दोन शब्द जोडून ते बनले, असे तो सांगतो. आपली आश्विन पौर्णिमा बहुधा तीच असते. मँचेस्टरच्या एका ब्लॅक मेटल गटाने हेच नाव घेतले आहे. त्यांचे इतर अल्बम गच्चीवर शोभणारे नाहीत, पण २०१८ चा ‘द हॅलोइंग ऑफ एअरडम’ संपूर्णपणे अविद्युत आहे : गिटार, तंतुवाद्ये आणि समूहाने गायलेले जुन्या वळणाचे इंग्रजी पद्य. आवाज हळू ठेवा. वडीलधाऱ्यांपैकी कोणी ‘हे काय लावले आहेस?’ असे विचारले, तर त्यांना सांगा की ही तिकडच्या कोजागरीची गाणी आहेत.